चमचा आणि कडक भाकरी

सोलापूर, १० मे २०२४

ती. शरणम्मा मावशीस,
प्रियंकाचा शि. सा. नमस्कार.

फोनवर माझे शब्द अडतात, म्हणून लिहिते. मी शिकवते त्या विशेष शाळेचे निवासी शिबिर रविवारी संपते. तुझ्याच हातून घास घेणारा तुझा संगमेश आता चमच्याने वरणभात खातो. तू दवाखान्यात गेलीस तर तो उपाशी राहील, या भीतीने पोटातल्या गाठीचे ऑपरेशन तू टाळत आलीस. आता तुझ्या जावेच्या घरी तो जेवू शकेल. त्याला भरवू नकोस, एवढेच मागणे.

माया आहे तशी राहू दे.
प्रियंका

दुधनी, १८ मे

चि. प्रियंकास, मावशीचे आशीर्वाद.

तुजा चमचा बगितला बाई. जावेकडं जेवण व्हतं. ताटात कडक भाकरी आन् आमटी. लेकरू भाकरीवर चमचा हाणत बसलं. भारतभावजी म्हनले, शाळंनं हलगी शिकिवली की! सगळी पंगत हसली. लेकरू उपाशीच. शेवटी मीच कुस्करून भरवलं. डॉक्टरला न्हाय म्हून कळवलंय. गाठ माजी हाय, लेकरू बी माजंच.

तुज्यावर राग न्हाय. जीव लावून ऱ्हा.
मावशी

सोलापूर, २४ मे

ती. मावशीस, शि. सा. न.

शिबिरात पोळी आणि भात होता. घरच्या ताटात काय असते, हे भाची असूनही मी विचारात घेतले नाही. जूनच्या शिबिरात त्याला पुन्हा पाठव. या वेळी कडक भाकरीच असेल. आरंभी कुस्करणे, आमटी ओतणे माझ्याकडे. त्याने फक्त घास उचलायचा. मग एकेक काम त्याच्या हाती देईन. ऑपरेशनचा निर्णय तुझा आहे. मात्र त्याला जेवताना पाहून तो घे.

रागावून का होईना, उत्तर धाडावेस.
प्रियंका

दुधनी, ३० जून

चि. प्रियंकास आशीर्वाद.

शिबिरातनं संगमेशला न्यायला आले, तर तू तुज्या कोर्सच्या परीक्षेला गेलेली. तो जेवत व्हता. मी म्होरं बसले. त्यानं भाकरी सोडली आन् माज्याकडं बगून आ केला. माजा हात उठला की. तसाच मांडीखाली दाबला. लई येळ तोंड उगडंच. मग रडला. तुमच्या शाळंच्या बाई हळूच म्हनल्या, अव्वा, बसून ऱ्हावा. आई न्हाय, दगड झाल्यागत बसले. शेवटाला त्यानं तोंड मिटलं. भाकरी मुठीनं फोडली, आमटीत कालवली, खाल्ली. सदऱ्यावर सांडली ती सांडली. माज्याकडं परत बगितलं न्हाय.

सोमवारी दवाखान्यात भरती व्हते. जावेला सांगितलंय, भाकरी थापून दे, भरवू नगंस.

लोभ ऱ्हावा.
तुजी मावशी