उन्हात न ठेवलेलं पिस्तूल

बाबा,

तुमचं किरण-पिस्तूल भंगारवाल्यानंही घेतलं नाही. पितळ फार नाही म्हणाला, आणि काचेला भाव नाही. तसं ते तुमच्या शिपायाच्या नोकरीतही जुनंच होतं. नागपूरच्या शिपायांना एका उन्हावर महिनाभर टिकणारी नवी पिस्तुलं मिळाली, की त्यांनी टाकलेली वऱ्हाडातल्या चौक्यांवर यायची. धाड गावच्या चौकीत तुमच्या हाती आलं त्याला दिवसभराचं ऊन लागायचं, आणि तेवढ्यावर एकच किरण सुटायचा, तोही फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. आवाज नाही, धूर नाही. समोरचा माणूस खाली पडायचा. सकाळी तुम्ही ते घराच्या धाब्यावर, वाळत घातलेल्या मिरच्यांशेजारी ठेवायचात. संध्याकाळी माय दोन्ही एकदमच उतरवायची.

खंडेनवमीला घरातलं हत्यार पुजायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळा, कुऱ्हाड, पिस्तूल, सगळं देव्हाऱ्यापुढे पाटावर. दर वर्षी पूजा झाली की तुम्ही पिस्तूल उचलून उन्हात न्यायचात. माय म्हणायची, "आजच्या दिस तं राहू द्या त्याले." तुम्ही म्हणायचात, "सरकारले नवमी नसते." सरकारनं गावाला जंगल बंद केलं त्या वर्षी मात्र तुम्ही पूजा झाल्यावर जेवलात, पाटाकडे पाहिलंत आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात. पिस्तूल सावलीतच राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी गाव आपट्याची पानं आणायला बंद केलेल्या सरकारी जंगलात शिरलं. पुढे मामा होता, मायचा धाकटा भाऊ. चौकीच्या साहेबानं तुम्हाला त्याच्यावर किरण सोडायला सांगितलं. तुम्ही नेम धरलात, घोडा ओढलात. काही झालं नाही. मामानं हातातली डहाळी पुढे केली. "काऊन भाऊजी, ह्याचाबी उपास हाय काय? घ्या, सोनं घ्या." लोक हसले. साहेबानं तुम्हाला नोकरीवरून काढून घरी बसवलं. पिस्तूल कुणी परत मागितलं नाही.

मामा पुढे प्रत्येक दसऱ्याला हे सांगायचा. "भाऊजीनं तं मले मारलंच होतं!" माय हसायची नाही. ते रिकामं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, की तुम्ही विसरला होतात, हे तिनं तुम्हाला कधी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. ती वाढायची, तुम्ही जेवायचात. तुम्ही गेलात तोवर असंच.

तिच्या शेवटच्या आजारात मायनं मला विचारलं, "त्याईले मालूम होतं ना वं, रिकामं हाय म्हून?"

"हाव माय. त्याईनंच मले सांगतलं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

हे तुमच्या कानावर घालावं म्हणून लिहायला बसले. पण पत्र कुणाकडे देण्यासारखं नाही, घरातच राहील. तुम्ही मला तसं काहीच सांगितलं नव्हतं. आता मात्र ते सांगणं मला तुमच्याच आवाजात आठवतं, आणि मी दुरुस्त करत नाही.