आंबा घाट, हीटर चालू

१ मे १९८४, मंगळवार. सकाळी ६.
आजपासून संकल्प दोन. एक, रागवायचं नाही (डॉक्टरांनी ब्लडप्रेशर सांगितलंय). दोन, गाडीच्या हीटरचा पंखा दुरुस्त करायचा. वीस तारखेला कोल्हापुरात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन. विमला आणि मी एकोणीसला पहाटे स्वतःच्या गाडीने निघणार. तसं पत्र टाकलंसुद्धा.

६.४०. पहिला संकल्प मोडला. विमलाने चहा ठेवता ठेवता विचारलं, एसटीचं रिझर्वेशन करून ठेवू का. एसटीचं! चार वर्षांत माहेरी पाऊल टाकलं नाही, याचं खापर ती गाडीवर फोडते. दर मे महिन्यात आम्ही निघतो, आंबा घाटात इंजिन उकळतं, आम्ही परत येतो. यात गाडीचा काय दोष? बावन्न सालची विलायती स्पोर्ट्स कार आहे, लाल, दोन सीटची. रत्नागिरीत दुसरी नाही. चांगल्या जातीचं जनावर तापटच असतं.

२ मे.
मे महिन्यात रत्नागिरीत हीटर कशाला, म्हणून आळीतले लोक दात काढतात. अडाणी. गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकात पान ४१ वर स्वच्छ लिहिलंय: चढावर इंजिन तापू लागल्यास हीटर लावावा. इंजिनातलं कढत पाणी हीटरमधून फिरतं, पंखा त्यातली धग बाहेर फेकतो, इंजिन गार राहतं. खालच्या तीन ओळी वाळवीने खाल्ल्यात. त्यात महत्त्वाचं काही नसणार.
अकरा वर्षांत एकाही मेकॅनिकला हे सुचलं नाही. मला सुचलं. फक्त पंखा फिरत नाही, एवढंच.

४ मे.
पंखा डॅशबोर्डच्या पोटात आहे. तिथे पोचायचं तर सीटवर उताणं पडून, डोकं क्लचपाशी आणि पाय दाराबाहेर. तासभर तसा होतो. शेजारच्या येसूबाई कुंपणाशी येऊन विमलाला म्हणाल्या, "अगो बाय, ह्ये पाय कोणाचे? काय झाला काय?" मी आतून ओरडलो की मी जिवंत आहे. उठताना कपाळ आपटलं. रागावलो नाही. फक्त पाना फेकला. तो विहिरीत गेला.

६ मे.
पंखा निघाला. त्याच्या पात्यांत दीड मूठ पेंढा आणि उंदराचं वाळकं बाळंतपण. पेंढा कुठला? विमलाच्या आंब्यांच्या आढीतला! गाडीच्या शेडमध्ये आढी घालते, वर मलाच म्हणते की उंदीर गाडीत राहतात कारण गाडी हलत नाही. बोलायची सोय नाही. दुपारी जेवलो नाही. (साडेतीनला जेवलो.)

९ मे.
येसूबाई आणि विमला सकाळपासून कुंपणापाशी. "चावी सुटली काय?" "नाय गो, आठाला सोडतील." मी नगरपालिकेच्या पाणीखात्यात अठ्ठावीस वर्षं हेडक्लार्क होतो. पाणी सोडायच्या त्या चावीला योग्य शब्द आहे: झडप. चावी म्हणजे किल्ली. "चावी सोडत नाहीत" अशी तक्रार आली की मी लाल शाईत शेरा मारायचो, "झडप म्हणावे". निवृत्त झालो तेव्हा सबंध खात्यात झडप हाच शब्द होता. कागदावर तरी. घरात मात्र चावीच.

११ मे.
पंख्याच्या मोटरला वीज पोचवणारे कार्बन झिजलेत. इथल्या दुकानात मिळत नाहीत, मुंबईहून यायला पंधरा दिवस. मग डोकं चालवलं. मिक्सरच्या मोटरलाही कार्बन असतात. जरा कानशीने घासले की फिट्ट. मिक्सर तसाही वर्षाचा जुना.

१२ मे.
विमला पाट्यावर वाटण वाटते आहे. मुद्दाम माझ्या खोलीच्या दारात. तिच्या धाकट्या भावाने दिलेला मिक्सर होता, हे तिने आज चार वेळा सांगितलं. मी सांगितलं, कोल्हापूरला पोचलीस की विचार, मिक्सर मोठा की माहेर. यावर तिने वरवंटा थांबवून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा वाटू लागली, जोरात.

१३ मे. सायंकाळी ५.१०.
फिरला!!! पंखा फिरला. हेलिकॉप्टरसारखा आवाज. आळी गोळा झाली. एकही जण हसला नाही. (येसूबाई हसल्या, पण त्या कशालाही हसतात.)

१४ मे.
गंगारामला मुद्दाम बोलावला. मिरकरवाड्यात लाँचची इंजिनं दुरुस्त करतो. गेली तीन वर्षं माझ्या गाडीला "खेळना" म्हणतो. म्हटलं, बघ म्हणावं. त्याने इंजिन चालू करायला लावलं, पंख्यापुढे हात धरला, बॉनेट उघडून मागे कुठेतरी वाकून पाहिलं. म्हणाला, "आप्पा, वारो गार येताय. आदी चावी सोडा. चावी सोडल्याबिगर नुस्तो पंखो फिरवून उपेग नाय."
म्हणजे गाडीची चावी त्याच्याकडे सोडून जायची! आणि हा भाट्याच्या पुलावरून मेव्हण्यांना फिरवणार! मी विचारलं, चावी कशाला सोडू? तर म्हणतो, "सोडूकच व्होयी. मी सोडू काय? दोन मिन्टांचा काम." मी हाकलून दिला. जाताना विमलाशीही पाच मिनिटं कुजबुजला. तिची वकिली मी ऐकलीच नाही. घरात चावी हा शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. आजपासून किल्ली बनियनच्या आत, जानव्याला.

१६ मे.
ट्रायल. मारुती मंदिरापर्यंत जाऊन आलो. पंखा फुल. आणि आश्चर्य म्हणजे हीटरमधून गार वारा! विलायती हीटर माझ्या हातून गार हवा देऊ लागला, याला काय म्हणावं? एअर कंडिशन म्हणावं. हाच वारा गंगारामला खुपला. दुसऱ्याचं बरं झालेलं बघवत नाही. इंजिनाचा काटा जरा वर गेला होता, पण तो काटा पहिल्यापासूनच घाबरट आहे.

१८ मे. रात्री ८.
तयारी पूर्ण. हापूसच्या चार पेट्या. डिकीत पाण्याचे कॅन आहेत, म्हणून पेट्या विमलाच्या सीटवर. दोन मांडीवर घेईल, दोन पायाशी.
८.२०. विमला गाडीपाशी आली, सीटवरच्या पेट्या मोजल्या. मग शांतपणे म्हणाली, "आंबे पोचले नाहीत तरी चालेल. मी पोचायला हवी. आई एक्याऐंशीची झाली." आणि एसटीची तिकिटं दाखवली. दोन तारखेलाच काढलेली! सतरा आणि अठरा नंबर. अठरा कुणासाठी, विचारलं. तिने तिकिटं पदराच्या गाठीला बांधली.
ठीक आहे. बस सहाची आहे. मी पावणेपाचला निघतो. कोल्हापूर स्टँडवर पाय पसरून वाट बघेन. संकल्प: भेटल्यावर काही बोलायचं नाही. फक्त घड्याळ पाहायचं.

१९ मे. सकाळी ६.२५. साखरपा.
अप्रतिम. बसचा पत्ता नाही. पंखा फुल, वारा गार. पहिल्यांदाच वाटलं, विमला शेजारी हवी होती. तिची चूक.

७.१०. घाट.
काटा लाल. पंखा फुलच. वाफ.

७.१५.
थांबलो. वळणावर, अर्धा रस्ता अडवून. बॉनेटमधून पेजेच्या मडक्यासारखी वाफ. डिकीतलं सगळं पाणी ओतलं, तेही उकळलं. इंजिन बंद केलं, पंखा बंद केला नाही. तो बिचारा प्रामाणिकपणे फिरतो आहे. इंग्रजांचा धिक्कार असो. पान ४१ चा धिक्कार असो. गंगारामचाही, सरसकट.

८.३५.
बस आली. हॉर्न. गाडी वळण अडवून उभी, बस पुढे जाईना. सगळी बस खाली उतरली. पेट्या पाहून दोघांनी भाव विचारला. सगळ्यात शेवटी विमला उतरली. पहिलं वाक्य काय, तर "चावी सोडलीत का?"
पुन्हा चावी, म्हणून ओरडलो. गाडीत लावलेली आहे, दिसत नाही?
ती म्हणाली, "किल्ली नव्हे हो. नळाची चावी. हीटरला पाणी सोडणारी. गंगाराम मला सांगून गेला होता, इंजिनामागे आहे, बंद आहे. तुम्ही बोलू दिलंत का?"
बघितलं. इंजिनामागे पितळेची छोटी चावी. गच्च बंद. आणि तिला तिथे पाहताच आठवलं, त्र्याहत्तर साली गाडी घेतली तेव्हा पाय भाजायचे म्हणून ती बंद कुणी केली. मी केली.
अठ्ठावीस वर्षं पाणीखात्यात.
रुमाल गुंडाळून जोर लावला. बोटं भाजली, चावीचा कान मोडून हातात आला. ड्रायव्हर म्हणाला, "झडप मेली सायब." झडप! सगळ्या महाराष्ट्रात झडप म्हणणारा एकच माणूस निघाला, आणि तो या वेळी.
प्रवाशांनी गाडी ढकलून कडेला लावली, पेट्या बसच्या टपावर टाकल्या. कंडक्टर म्हणाला, अठरा नंबर रिकामीच आहे. मी म्हणालो, मी गाडी सोडून येणार नाही. विमला म्हणाली, "तिकीट तुमच्याच नावाचं आहे." आणि वर चढली.

१०.२०. मलकापूर स्टँड.
बस चहासाठी थांबली. मी अठरा नंबरवर. विमला खिडकीशी बसून डब्यातले लाडू मोजते आहे, आईला किती, वहिनीला किती. चार वर्षांत तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. मी रागावलेलो नाही. हे लिहून ठेवतो.
सहज गाडीच्या किल्लीसाठी खिसा चाचपला. पितळेचा कान निघाला. जानव्याला पाहिलं, काही नाही. किल्ली गाडीतच राहिली, घाटात. लावलेली. विमलाला सांगितलं, तर इतकी हसली की लाडवांचा हिशोब चुकला. म्हणाली, शेवटी चावी सोडलीत म्हणायची.
पंख्याचं बटणही चालूच राहिलंय. बॅटरी असेपर्यंत फिरेल.