मेंदू बचाव पायी मंडळ, कळमनुरी

९ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ
नांदेडहून आत्ताच आलो. नरसिंगदादाला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं. अल्झायमरच निघाला. दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वहिनी गेल्यापासून आमच्याकडेच असतो. वार विसरतो, जेवलेलं विसरतो. माणसं ओळखतो अजून, कधी कधी जरा थांबून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज अर्धा तास चालवा. चालण्यानं मेंदूला रक्त नीट पोचतं, आठवणी सांभाळणारा भाग सावकाश झिजतो असं दिसतंय. गॅरंटी नाही, पण फायदा होऊ शकतो. आणि तुम्ही स्वतः न्या, रोजचं माणूस लक्षात राहतं. मग माझं बीपी, शुगर आणि पोट बघून म्हणाल्या, घरात आजार आहे, तुम्ही तर आधीच चालायला लागा.
शब्द दिला. उद्यापासून दादा आणि मी, सकाळी सहा. एका दगडात दोन मेंदू.

१० नोव्हेंबर, सकाळी ९
थंडी सुरू झालीय. शिवाय बूट नाहीत. चपलेवर चालणं गुडघ्याला वाईट, असं कुठंतरी वाचलंय. दादा सहालाच टोपी घालून ओट्यावर बसला होता. बायकोला उठवलं. करुणा त्याला पुलापर्यंत फिरवून आली. फक्त आजच्या दिवस.

१४ नोव्हेंबर
हिंगोलीला जाऊन बूट आणले. ब्रँडेड. दुकानदार म्हणाला, आधी घरातल्या घरात घाला, पायाला सवय होऊ द्या. टीव्ही बघताना घालून बसलो. छान वाटलं. करुणा दादाला घेऊन गेली होती.

२२ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंनी वेगसुद्धा सांगितला होता. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मला तर खुर्चीत बसूनही गाणं म्हणता येत नाही. म्हणजे माझा मुळातलाच वेग चांगला आहे.

८ डिसेंबर
खूप विचार केला. एकट्यादुकट्यानं चालून काय साधणार? सगळी नोकरी विस्तार अधिकारी म्हणून काढली. समिती नसेल तर कुठलंच काम टिकत नाही, हा माझा अनुभव. (समिती असूनही टिकत नाही, पण तो वेगळा विषय.) रणजीतला फोन केला. वर्गमित्र, हळदीचा व्यापारी, पोट माझ्याही पुढं. त्याला आयडिया एकदम पटली.

१५ डिसेंबर
मंडळ स्थापन! रणजीतचं म्हणणं, अध्यक्ष त्यानं व्हावं. मी म्हणालो, पेशंट माझ्या घरचा आहे. शेवटी मी अध्यक्ष, तो कार्याध्यक्ष. अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष यात फरक काय, हे दोघांनाही नीट माहीत नाही, म्हणून भांडण मिटलं. चर्चेत तीन चहा आणि भजी झाली.

६ जानेवारी २०२६
फ्लेक्स लागला. 'पाय चालवा, मेंदू वाचवा.' चालतानाचा फोटो हवा होता, पण चालताना पोट हलतं आणि फोटो बिघडतो. शेवटी खुर्चीत बसून, एक पाय पुढं टाकून काढला. कुणाला कळणार नाही.
करुणा म्हणाली, भाऊ रोज विचारून राहिले, धम्मा काहून येत न्हाई. (दादा मला धम्माच म्हणतो.) तिला समजावलं की उद्घाटन सव्वीस तारखेला आहे. अध्यक्षानंच उद्घाटनाआधी चालायला सुरुवात केली तर बरं दिसत नाही. ती म्हणाली, चालायचं बी उद्घाटन असतंय व्हय. तिनं कधी सार्वजनिक काम केलेलं नाही.

२६ जानेवारी, दुपार
दणक्यात पार पडलं! पाहुणे चार ठिकाणची झेंडावंदनं उरकून साडेदहाला आले. शाल, श्रीफळ, सत्कार. सत्काराला उत्तर. रणजीतचं प्रास्ताविक फार लांबलं. अर्धा वेळ तो हळदीच्या भावावरच बोलत होता. फीत कापेपर्यंत ऊन चढलं, शुगरवाले भुकेले झाले. म्हणून प्रत्यक्ष चालणं रद्द करून पोहे-जिलेबी आधी घेतली.
एक गडबड झाली. दादा पहिल्या रांगेत होता. फीत कापल्याबरोबर उठला आणि सरळ चालायलाच लागला. पुलाच्या दिशेनं. करुणाला मागं पळावं लागलं. बिचाऱ्याला कार्यक्रमाचं स्वरूपच कळलं नाही.

८ फेब्रुवारी
मंडळाचं काम जोरात. रोज पहाटे सहाला ग्रुपवर 'चला, निघू या' असं मीच टाकतो. सगळे अंगठा पाठवतात. शिस्त आहे. मग जरा पडतो.
करुणाची शुगर उतरली. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. योजना कुणाची? माझी. तिला तसं बोलून दाखवलं. ती हसली, पण ते हसू मला काही फार आवडलं नाही.

१५ फेब्रुवारी
वसमतला व्याख्यान. विषय: चालण्याचं महत्त्व. रणजीतच्या गाडीनं गेलो. मंडप अगदी भरलेला. एक म्हातारी उठली, म्हणाली, साहेब, तुमी सोता किती चालता? अशा लोकांना बोलू देऊ नये. तरी मी शांतपणे सांगितलं की समाजासाठी झटणाऱ्या माणसाला स्वतःकडे बघायला वेळ नसतो. टाळ्या पडल्या. घरी आणखी एक शाल.

२३ फेब्रुवारी
दादा आज मला साहेब म्हणाला. मी ओट्यावर पेपर वाचत होतो, तर अदबीनं विचारलं, चहा झाला का साहेब. मोठा भाऊ असून किती मोठं मन. अध्यक्षपदाचा मान घरातही पोचला म्हणायचा. करुणाला कौतुकानं सांगितलं. ती उठून दादाजवळ जाऊन बसली.  बायकांना नवऱ्याचा मान सहन होत नाही हेच खरं.

१ मार्च
करुणानं आज तोंड उघडलं. म्हणाली, डॉक्टरांनी तुमाला न्यायला सांगितलं होतं, मला न्हाई. भाऊ वाटेतली शेतं वळखतात, मला नावानं हाक मारतात. तुमचं नाव त्यांनी लई दिवसांत घेतलं न्हाई. मी म्हणालो, माया मनात असते, नाव घेऊन दाखवायची गोष्ट आहे का ती. ती म्हणाली, बराबर हाय, आणि ताटं उचलून गेली.
जेवण मात्र गेलं नाही. उद्याच जातो. उद्या मंडळाची मासिक सभा आहे. परवा.

५ मार्च, सकाळी ८
गेलो. करुणाच्या अंगात कणकण होती, म्हणून का होईना.
दादा टोपी घालून ओट्यावर बसलेला. करुणा कुठंय म्हणाला. बरं नाही तिला, मी येतो, म्हटलं. तो जरा घुटमळला, मग निघाला. आणि काय चालतो! पुलापर्यंत बोलणं बंद झालं माझं, गाणं तर दूरच. पुलापलीकडं हळद शिजवायला लागलेत, सगळीकडे वाफ. कुणाची हळद, कुणाचं शेत, तो सांगत चाललेला. मला ऐकू येत होतं ते फक्त माझं धापा टाकणं. शेवटी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसलो.
तो पुढून परत आला. लई तकलीफ होऊन राहिली का, विचारलं. खिशातला रुमाल दिला. बसा साहेब, घाई न्हाई, सवय नसली की असंच होतंय, म्हणाला. मग शेजारी बसून माझं नाव विचारलं.
धम्मानंद, म्हटलं.
दादा खुलला. म्हणाला, माझ्या धाकट्या भावाचं बी हेच नाव हाय. लई पळायचं ते पोरगं. शाळंत सोडायला मी जायचो, तर हाताला लागायचं न्हाई.
 त्याच्याकडं बघवेना. रुमालानं तोंड पुसत राहिलो. मग विचारलं, आता कुठं असतो तो.
दादा म्हणाला, कामात असतो साहेब. येईल.