तात्याबांच्या पत्राचा कोपरा

३ जून १९४४, सांगली
संकल्प: आजपासून लेखकांच्या मूळ पत्रांचा शास्त्रीय रिसर्च. कागद, शाई, घड्या, टाकाचा दाब. मजकूर काय, कोणीही वाचतो, तो गौण. कोरेगावहून कै. कथाकार तात्याबांचं पत्र आणलं. त्यांच्या पत्नी राहीबाई देईनात. म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं एवढंच हाय, मास्तर." शब्द दिला, सुरकुतीसुद्धा पडणार नाही.

९ जून
भिंगातून पाहिलं. ओळी उजवीकडे चढतात. महत्त्वाकांक्षा! माझ्याही चढतात. ही म्हणते, तुमचं टेबल डुगडुगतं. दुर्लक्ष केलं.

१४ जून
कागद चिंध्यांचा की लाकडाच्या लगद्याचा? भिजवल्याशिवाय कळणार नाही. कोपरा कोराच होता. जरासा फाडला. शास्त्राला एवढं चालतं. तुकडा वाटीत भिजत घातला. हिने खरकटं समजून वाटी घासून टाकली. निष्कर्ष राखून ठेवला आहे.

२० जून
पत्र स्वतः नेऊन देणार होतो. पण गाडीला गर्दी, शिवाय पोट बरं नाही. पाकिटात घालून पोस्टाने पाठवलं. सोबत चिठ्ठी घालायची राहिली. असो.

२५ जून
राहीबाईंचे दीर आप्पासो दारात. वाटलं, आभार मानायला आले. चहा सांगितला. घेतला नाही.
पाकीट त्यांच्या बायकोने, साळूबाईंनी फोडलं. कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे मयताचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणतो. आणि राहीबाईंचा एकुलता एक आकाराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशच्या आघाडीवर! साळूबाईंनी तिथेच हंबरडा फोडला. राहीबाई विहिरीवरून धावत आल्या, उंबऱ्यातच कोसळल्या. घरात वाचता कोणालाच येत नाही; संध्याकाळी कोणा गुरुजींनी पत्र वाचलं. तात्याबांनी लिहिलं होतं, शेळीला ओला चारा घालू नये.
आप्पासोंनी विचारलं, "मास्तर, आमच्यात रडारड चालली हुती, तवा तुमी काय करत हुता?"
प्रबंधाची प्रस्तावना लिहीत होतो. सांगितलं नाही. लाज वाटली.

२८ जून, कोरेगाव
माफी मागायला आलो. गाडीत पाठ केलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ. राहीबाई रागावल्या नाहीत, त्यामुळे मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकारामचं पत्र कालच आलंय. म्हणाल्या, "वाचून दावता का?"
मी हात पुढे केला. त्यांनी पत्र दिलं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी हात पाठीमागे बांधले आणि वाचलं.