आधी ओळ, मग स्तंभ

नांदेड

प्रिय रेणुकादास,

पत्र वेळेत पोचेल की नाही या काळजीने कुरियरने पाठवतो आहे. पत्ता तीनदा ताडून पाहिला. घरात सगळे हसतात. गॅस बंद आहे का, कडी लागली का, माझं सगळं तीनदा चालतं. ही सवय कधी लागली ते तुला माहीत आहे.

मुदखेडच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो. मी सातवीत शाळा सोडली, तू लातूरला गणिताचा प्राध्यापक झालास. लातूरच्या ज्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवत होतो, तिथेच तू तुझ्या नोट्स छापायला आणल्यास, तेव्हा मला लई अभिमान वाटला होता. इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षरं चित्रासारखी ओळखायचो. मॅट्रिक्सच्या पानावरचे ते खालचे बारीक आय आणि जे मी चिमट्याने एकेक बसवले होते.

त्याच पानावर घोळ झाला. मॅट्रिक्स तीन ओळींचं, दोन स्तंभांचं; पण आय एक ते दोन आणि जे एक ते तीन असं उलटं छापून गेलं. मुलांनी तसंच पाठ केलं, परीक्षेत मार्क गेले, आईबाप तुझ्या दारात आले. तू सांगितलंस, कंपोझिटरने आकडे फिरवले. मालकाने मला काढलं. मी माफी मागायला आलो, सगळ्या क्लाससमोर तुझ्या पाया पडलो. तू म्हणालास, "वीरण्णा, सातवीवाल्यानं सातवीतच राहावं." पोरं हसली. तूही हसलास.

मग आम्ही नांदेडला आलो. लग्नपत्रिका जुळवतानासुद्धा मी तारीख तीनदा ताडून पाहायचो. माझी बायको सिद्धम्मा जाईपर्यंत म्हणत होती, चूक तुमची नसेल हो. मीच तिला गप्प करायचो, की रेणू खोटं बोलणार न्हाई.

या उन्हाळ्यात जुन्या मालकाच्या बायकोने, गुणाबाईंनी, बोलावलं. लातूरचा छापखाना रिकामा करायचा होता. तुला आमची रीत आठवत असेल. मूळ कॉपी लेखकाला परत जाते, पण त्याच्या सहीचं शेवटचं प्रूफ छापखान्यातच राहतं. माळ्यावर सुतळीने बांधलेला तुझा गठ्ठा निघाला. पान सतरा. मी आय एक ते तीन, जे एक ते दोन असं जुळवलं होतं. तू ते लाल शाईने खोडून उलटं केलंस आणि खाली लिहिलंस, 'दुरुस्त करून छापावे'. शेजारी तुझी सही.

तरी मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. बारावीतल्या नातीला, अक्षराला, पान दाखवलं. तिने वहीत चौकटी काढून समजावलं, की आय हा ओळीचा नंबर, ओळी तीन म्हणून तो एक ते तीन; जे स्तंभाचा, स्तंभ दोन म्हणून एक ते दोन. आधी ओळ, मग स्तंभ. मग विचारलं, "आजोबा, बरोबर होतं की, हे खोडलं कुणी?" मी तिला तुझं नाव सांगितलं नाही. ते छापून यायचं आहे.

कारण तुझ्या पंचाहत्तरीचा गौरवग्रंथ तुझ्या विद्यार्थ्यांनी माझ्या मुलाच्या, संगमेशच्या, छापखान्यात दिला आहे. सरांच्या हस्ताक्षरातलं जुनं पान कुणाकडे असेल तर द्यावं, असं समितीने सगळ्यांना कळवलं होतं. माझ्याकडे होतं, मी दिलं. पूर्ण पानभर, रंगीत, लाल शाई लालच दिसेल अशी काळजी मी स्वतः घेतली आहे. खाली एवढंच छापलंय, 'कंपोझिटर वीरण्णा यांच्या संग्रहातून'. माफीसाठी येऊ नकोस, तुझ्या पायऱ्या मी चढलो तेवढं पुरे झालं. पान काढायचं असेल तर समितीला कारण तुलाच सांगावं लागेल. ठेवायचं असेल तर सोबतच्या प्रुफावर 'छापावे' लिहून सही कर. आमची रीत तीच आहे. लाल पेन पाकिटात घातला आहे.

तुझाच बाकसोबती,
वीरण्णा