काहील वाहून गेली नव्हती

प्रति,
मे. मामलेदारसाहेब,
तालुका कचेरी यांचे सेवेशी

अर्जदार : सोनबा बिन चिमाजी भोई, वय अदमासे बावन्न, धंदा नावाडी, राहणार मौजे चिखली.

विषय : चिखलीच्या उतारावरची नाव बंद करणारा हुकूम मागे घेणे, ते होत नसल्यास अर्जदारावर रीतसर खटला भरणेबाबत.

संदर्भ : आपला हुकूम, ता. २० ऑगस्ट १९५६, व त्यास जोडलेला ओव्हरसियर यशवंतराव यांचा रिपोर्ट.

महोदय,

१. अर्जदारास आपला हुकूम चावडीत वाचून दाखवण्यात आला. त्यात लिहिले आहे की, ता. १४ रोजी काहील "नावाड्याच्या हयगयीने वाहून गेली व केवळ दैवयोगाने मोशीच्या काठी लागली". हे ऐकून अर्जदार ताडकन उठला. पाटील बस म्हणाले, तो बसला नाही. तो राग अद्याप उतरलेला नाही. सबब अर्जात कुठे भाषा चढली तर ती रागाची समजावी. उद्धटपणाची समजल्यासही अर्जदाराची हरकत नाही.

२. चिखलीस लाकडी नाव नाही. गुऱ्हाळे दिवाळीनंतर लागतात, तोवर गूळ कढवायची काहील रिकामी असते. पावसाळाभर तीच गावची नाव. इंद्रायणीवर या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणायचा, त्याला काहिलीची कडी सरकत्या गाठीने अडकवायची आणि दोर धरून पलीकडे जायचे. अर्जदाराचा बाप हेच करीत असे. अर्जदाराने बावीस पावसाळ्यांत एकही माणूस बुडवलेला नाही.

३. १४ तारखेस यशवंतराव या नावेच्या तपासणीस आले. नदी दुथडी भरलेली. काहिलीत अर्जदार, शेपूची पाटी घेतलेल्या कौशल्याबाई आणि पायांत बूट घातलेले यशवंतराव. ऐन धारेत साहेबांना दोर खुपला. "हा दोर कुठल्या नियमात बसतो? सोड तो." अर्जदार म्हणाला, "सायेब, दोर हाय म्हणून आपण हाय." त्यावर साहेबांनी कडीची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. रिपोर्टात सगळे आहे, ही गाठ तेवढी नाही.

४. दोर पुन्हा हाती येण्याआधीच काहील धारेला लागली. दोन्ही काठांना बाभळी, मोशीखेरीज टेकायला जागा नाही. म्हणून अर्जदाराने वल्हे घेतले आणि दीड कोसाचे पाणी उतरायचे ठरवले. वाटेत तीन खळाळ. रिपोर्ट म्हणतो, "काहील गरगर फिरत होती, अर्थात ताबा सुटला होता." इथेच साहेबांच्या विद्येचे पितळ उघडे पडते. काहिलीला ना नाक ना शेपूट. नावेसारखी सरळ दामटली तर पाणी कडेवरून आत येते आणि ती पालथी होते. तिला फिरवावी लागते; फिरता फिरता खडकाला पाठ द्यायची आणि निसटायचे. दुसऱ्या खळाळातल्या रांजणखडकाशी अर्जदाराने तिला अडीच गिरक्या दिल्या, मोजून. रिपोर्टातले "वल्हे पाण्याबाहेर होते" हे खरे आहे. तेव्हा ते खडकाला लावून अर्जदार सर्व अंगाने रेटत होता. येथे अर्जदाराने गाढव आणि गुळाची एक म्हण सांगितली. लेखनिकाने ती घेतली नाही.

५. आता दैवयोग. तिसऱ्या खळाळाआधी काहिलीत घोट्यावर पाणी चढले. दैवाने ते उपसले नाही. अर्जदार ओरडला, "सायेब, बूट काढा आन् उपसा!" साहेबांनी डावा बूट काढला आणि मोशी येईतो मुकाट्याने उपसले. वाहून जाणाऱ्या काहिलीत कोणी हुकूम देत नाही आणि कोणी पाळतही नाही. मोशीस उतरताच यशवंतरावांनी अर्जदाराचे दोन्ही हात धरले आणि "सोनबा, तू जीव वाचवलास" म्हणून रडले. चौथ्या दिवशी त्याच हातांनी त्यांनी रिपोर्ट लिहिला. अर्जदाराला पुराची भीती वाटली नाही. या हातांची वाटते.

६. हुकूम झाल्यापासून पलीकडच्या मळ्यातली माणसे पुलाने तीन कोसांचा वळसा घालतात. कौशल्याबाईंची भाजी बाजारी पोहोचेतो माना टाकते. नाव पुन्हा चालू द्यावी, ही पहिली विनंती. द्यायचीच नसेल तर ती खऱ्या कारणाने जावी. "अर्जदाराने सरकारी माणसास पुरात जाणूनबुजून तीन खळाळांतून उतरवले" असा गुन्हा नोंदवावा. अर्जदार कबूल होईल, तुरुंगात जाईल. पण आपली काहील वाहून गेली असे तो मरेतो म्हणणार नाही.

७. हेही मंजूर नसेल तर फेरतपासणी व्हावी. पाणी अजून तितकेच आहे, काहील तीच आहे. यशवंतरावांनी एकट्याने बसावे, गाठ त्यांनीच सोडावी. वल्हे दैवयोगाच्या हाती द्यावे. अर्जदार काठावर विडी ओढत बसेल. काहील मोशीस लागली तर अर्जदार आपले वल्हे चुलीत घालील.

आपला, जमेल तितका नम्र,
सोनबा बिन चिमाजी भोई
(निशाणी : डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम चिखली, ता. ३ सप्टेंबर १९५६
लेखनिक : ज्योतीराम मास्तर. शुद्धलेखन माझे, बाकी सर्व अर्जदाराचे. सौम्य करू का विचारले, "न्हाई" म्हणाला.

सोबत :
(१) कौशल्याबाईंचा जबाब, एका ओळीचा : "ह्यो व्हता म्हणून आमी हाय. त्या सायबाला इचारा, त्योबी हाय."
(२) ओव्हरसियरसाहेबांचा डाव्या पायाचा बूट, नग एक. मोशीस घाईने उतरताना काहिलीत राहिला. आत नदीची वाळू आहे, ती पुरावा म्हणून झटकलेली नाही. फेरतपासणीच्या दिवशी हा बूट साहेबांना आठवणीने परत द्यावा. त्यांना लागेल.