गिरणीतली पाचर

७ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. गाडी विकून टाक म्हणतोस. कारण काय, तर सिग्नलला उभी राहिली की ती थरथरते आणि त्या थरथरीनं तुझा चष्मा घसरला. अरे, तुझं नाकच मुळात घसरगुंडीसारखं, त्याला माझी गाडी काय करणार?

जुनी गाडी मी डोळे उघडे ठेवून घेतली आहे. चालताना शहाण्यासारखी चालते, उभी राहिली की मात्र थंडी वाजल्यासारखी कुडकुडते. मिस्त्रीनं प्लग बदलले, फरक शून्य. शेवटी मीच बॉनेट उघडलं. इंजिन गदगदा हलत होतं. आपल्या पिठाच्या गिरणीचं यंत्र हलायला लागलं की बाबा खाली लाकडाची पाचर ठोकायचे, आठवतं? ती पाचर अजून माझ्याकडे आहे. इंजिन आणि चौकटीच्या फटीत दिली ठोकून. आता हलून दाखव म्हणावं.

दुकानाकडे जाणारी बस बंद झाल्यापासून गाडी आहे म्हणून माझं बटणांचं दुकान उघडतं. गाडी गेली की दुकान गेलं. तेव्हा विषय संपला.

भावजयीला आठवण सांग. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी,
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विषय तुझा संपला, माझा नाही. परवा माझी लेक तुझ्या गाडीतून आली. म्हणाली, आत्याची गाडी आता आणखीच हलते, दारंसुद्धा दात वाजवतात. म्हणजे तुझ्या पाचरीनंतर ही तऱ्हा. भर चौकात बंद पडलीस तर कोण धावून येणार?

ऑफिसातले एक गृहस्थ रविवारी गाडी बघायला येतील. मी शब्द दिलाय, किल्ली त्यांना दे. दुकानाला कुलूप लाव आणि इकडे ये. मागची खोली रंगवून घेतली आहे, उजेड छान येतो. दार तेवढं वाऱ्यानं सारखं उघडतं, ते सुताराकडून करून घेतो.

रागावू नकोस. तू गाडी घेऊन निघालीस की मला काही सुचत नाही, पोचल्याचा फोन येईपर्यंत मी फोनजवळून हलत नाही.

कृपादृष्टी राहू दे, कान मात्र उपटू नकोस.

तुझा,
धाकटा

२४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मला न विचारता माझी गाडी विकायला काढलीस, म्हणून कान उपटणारच. पण आधी गंमत ऐक.

शुक्रवारी एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पाचर निसटून रस्त्यावर पडली. ती उचलून मागच्या सीटवर टाकली. पुढच्या सिग्नलला बघते तर थरथर निम्म्यावर. तशीच मिस्त्रीकडे गेले. त्यानं दाखवलं, इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेलं असतं, त्याचं हलणं ते रबर गिळतं. मी पाचर ठोकून ते हलणं थेट गाडीच्या अंगात सोडत होते. गिरणी जमिनीत रोवलेली, तिचा हादरा जमीन झेलायची. गाडीखाली चाकं आहेत, हे गिरणीवाल्याच्या लेकीच्या डोक्यात आलं नाही. मूळ दुखणं निराळंच, एक गादी फाटली होती. नवी बसवली. मिस्त्री हसला, मीही हसले.

रविवारी तुझे गृहस्थ आले. मी इंजिन चालू करून बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी जरासं शहारलं, थेंब सांडला नाही. इतकी चांगली गाडी का विकता, म्हणाले. विकणारा माझा भाऊ आहे, त्याच्याकडे गाडी असली तर त्याची घ्या, असं सांगून मी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडून आले. किल्ली माझ्याच कमरेला आहे आणि तिथेच राहील.

येत्या रविवारी जेवायला येते, स्वतः चालवत. फाटक उघडं ठेव. पोचेपर्यंत फोनजवळ बसायचं नाही, बाहेर ओट्यावर बसायचं. मग तुला शेजारी बसवून चौकातल्या सिग्नलला उभी करीन. चष्मा घालूनच बस.

पाचर सोबत आणते आहे. मागच्या खोलीच्या दाराखाली नेमकी बसेल. सुताराला बोलावू नकोस, खोली बंदच ठेवायची आहे.

लोभ आहे तो असाच वाहता राहू दे.

तुझी,
ताई